उर्वशी, लम आणि सिडोनियाची सून

दिवाळीत घरी पोंभुर्ण्याला गेले की आईचा एक प्रश्न ठरलेला असतो. "तू नेमकं काय शिकून रायली?" प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली मुलगी पुण्यात बसून जपानी चित्रकथा वाचते आणि त्यावर पीएच.डी. करते, हे तिला शेजारी सांगता येत नाही. ती सांगते, "पोरगी सायन्समध्ये हाय." ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही.

यंदा तिने जरा जोर लावून विचारलं, म्हणून मी मोबाईलवर एक पान उघडून दाखवलं. एका प्रचंड अवकाशयानात लोकांची वस्ती आहे. तिथल्या एका घराच्या भिंतीत जाड पाइप बसवलाय आणि त्या पाइपातून सोंडेसारखा एक लांब अवयव घरात आलाय. तो अवयव घरातल्या मुलाशी लाजत बोलतोय.

"हे कोन?"

"त्याची होणारी बायको."

आईने चष्मा वर केला. "मंग पूर्ण आत काहून नाही येत?"

"मावत नाही. ती इमारतीएवढी आहे."

आईने एक क्षण विचार केला आणि म्हणाली, "मंग बदलन कोन? घर, का बायको?"

माझ्या प्रबंधाचा प्रश्न तीन वर्षांत मला इतक्या कमी शब्दांत मांडता आला नव्हता. माणूस आणि परग्रहवासी यांच्या प्रेमकथा मी वाचते, त्या कालक्रमाने लावते आणि प्रत्येक कथेला तीन गोष्टी विचारते. घर कोण सोडतं? शरीर कोण बदलतं? आणि अट कोण घालतं? आजची पोस्ट या तीन प्रश्नांच्या इतिहासावर आहे. सुरुवात जपानमधून नाही, आपल्या बोडीवरून करू.

बोडीतल्या बाया

आमच्याकडे शेतातल्या छोट्या तळ्याला बोडी म्हणतात. लहानपणी भर दुपारी बोडीवर एकटं जायची बंदी होती. आजी म्हणायची, तिथे आसरा असतात. सात जणी, पाण्यात राहणाऱ्या, कोणी आवडला तर धरून ठेवणाऱ्या. महाराष्ट्रात 'साती आसरा' विहिरी-तळ्यांपाशी सगळीकडे भेटतात. आमच्या जिल्ह्यात नागभीडकडे सातबहिणीचा डोंगरसुद्धा आहे. 'आसरा' हा शब्द 'अप्सरा' वरून आलेला आहे आणि अप्सरांचं नातं मुळातच पाण्याशी आहे. म्हणजे आजी जिची भीती घालायची ती उर्वशीच्या घराण्यातली होती.

उर्वशी आणि पुरूरवा ही आपल्याकडची, दुसऱ्या लोकातली स्त्री आणि माणूस यांची सर्वांत जुनी प्रेमकथा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पंच्याण्णवावं सूक्त म्हणजे या दोघांचा संवाद. त्यात १८ ऋचा आहेत आणि त्या संसाराच्या नाहीत, ताटातुटीच्या आहेत. ती निघालीय, तो थांब म्हणतोय. पूर्ण गोष्ट पुढे शतपथ ब्राह्मणात येते. तिथे उर्वशी लग्नाआधी अटी घालते. माझ्या इच्छेविरुद्ध जवळ यायचं नाही, आणि तू मला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांना ती परत हवी असते. ते रात्री तिच्या पलंगाला बांधलेली कोकरं पळवतात, ती ओरडते, पुरूरवा तसाच उठून धावतो, गंधर्व वीज चमकवतात. अट मोडते आणि ती नाहीशी होते.

पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि माझ्यासाठी तोच महत्त्वाचा आहे. पुरूरवा तिला शोधत कुरुक्षेत्रातल्या एका कमळांच्या तळ्यावर पोचतो. तिथे अप्सरा पाणपक्ष्यांच्या रूपात पोहत असतात. ती त्याला ओळख देते आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री यायला सांगते. गंधर्व त्याला वर देतात. तो मागतो, मला तुमच्यातला एक करा. मग अश्वत्थाच्या लाकडातून विधिपूर्वक अग्नी निर्माण करून तो गंधर्व होतो. या आवृत्तीत घर सोडतो पुरुष, आणि बदलतोही पुरुषच.

त्यानंतर बऱ्याच शतकांनी कालिदास 'विक्रमोर्वशीय' लिहितो तेव्हा दिशा उलटलेली असते. तिथे शेवटी इंद्राच्या परवानगीने उर्वशी पृथ्वीवर राजाजवळ राहते. प्रेक्षक खूश होऊन घरी जातात. पण उर्वशीच्या अटी आणि पुरूरव्याचं रूपांतर यांची या सुखान्ताला गरज उरत नाही.

या बदलाकडे ज्याने मला बघायला शिकवलं तो माणूस गणिती होता. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म गोव्यातला, १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक. ते पुण्याच्या आसपास पायी भटकून ग्रामदेवतांची ठाणी नोंदवत. १९६२ साली आलेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या पुस्तकात त्यांचा उर्वशी-पुरूरव्यावर एक मोठा निबंध आहे. मॅक्सम्युलरने ही कथा म्हणजे उषा आणि सूर्याचं रूपक असं सांगितलं होतं. कोसंबींना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांच्या मते सूक्तामागे एक जुना विधी आहे. मातृदेवतेशी संबंध आलेल्या पुरुषाचा त्यात बळी जाई, आणि सूक्तातला पुरूरवा प्रेमासाठी नाही, जिवासाठी विनवतोय. हे अनुमान सगळ्यांना मान्य आहे असं नाही. पण त्यांची पद्धत मी उचलली. गोष्ट बदलली की विचारायचं, समाजात कोणाचं वजन वाढलं म्हणून ती बदलली?

पांढरे पक्षी आणि वाघाच्या पट्ट्यांची मुलगी

आता जपानकडे जाऊ, कारण तिथेही तळं आणि पक्षी आहेत. इ.स. ७१३ मध्ये जपानच्या दरबाराने प्रांतोप्रांतीची माहिती लिहून पाठवा असा आदेश काढला. त्या नोंदींना 'फुदोकी' म्हणतात. ओमी प्रांताच्या नावावर आलेल्या एका उताऱ्यात आठ स्वर्गकन्या पांढऱ्या पक्ष्यांच्या रूपात एका तळ्यावर उतरतात. एक माणूस सर्वांत धाकटीचा पंखांचा पोशाख चोरवून आणतो. तिला उडता येत नाही, म्हणून ती त्याची बायको होते, मुलं होतात. पुढे पोशाख सापडतो आणि ती निघून जाते. हीच 'हागोरोमो', म्हणजे पंखवस्त्राची कथा. जगभर तिच्या बहिणी आहेत, लोककथांचे अभ्यासक त्यांना हंसकन्यांच्या कथा म्हणतात. आपल्या उर्वशीशी फरक एवढाच आणि एवढा मोठा, की तिथे अट ती घालते आणि इथे चोरी तो करतो.

१९७८ साली रुमिको ताकाहाशी या तरुण चित्रकर्तीने 'उरुसेई यात्सुरा' नावाची विनोदी मांगा साप्ताहिक 'शोनेन संडे'मध्ये सुरू केली. ती १९८७ पर्यंत चालली, ३४ खंड झाले. पहिल्याच प्रकरणात परग्रहवासी पृथ्वीवर चालून येतात. पृथ्वी वाचवायची असेल तर अतारू नावाच्या मुलाने त्यांच्या राजकन्येशी, लमशी, पकडापकडी खेळायची आणि १० दिवसांत तिची शिंगं पकडायची. लमला शिंगं आहेत, अंगावर वाघाच्या पट्ट्यांची बिकिनी आहे. जपानी चित्रांमधला 'ओनी' नावाचा राक्षस असाच दाखवतात. ती उडते, त्यामुळे हाती लागत नाही. शेवटी अतारू तिच्या बिकिनीचा वरचा भाग पळवतो आणि ती तो परत घ्यायला येते तेव्हा शिंगं धरतो. आता आपलं लग्न होणार, असं तो आनंदाने ओरडतो. त्याच्या मनात त्याची शाळेतली मैत्रीण असते. लमला वाटतं, मागणी मलाच घातली. ती त्याच्या घरी राहायला येते.

बाराशे वर्षांपूर्वीच्या तळ्याकाठची वस्त्रचोरी इथे शाळकरी विनोद होऊन आलीय. पण ताकाहाशीने एक गोष्ट बदलली. लमला उडता येत असतं, परत जाता येत असतं. ती अडकलेली नाही, स्वतःच्या मर्जीने राहिलेली आहे. तरी घर सोडते तीच.

मंगळावरून वर्तमानपत्राच्या स्टॉलवर

या जुन्या कथांना अवकाशयान जोडलं कोणी? इथे अमेरिकेत थोडं डोकवावं लागतं. १९१२ साली एडगर राइस बरोजची मंगळावरची कथामालिका एका मासिकात सुरू झाली, पुढे ती 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' म्हणून पुस्तकरूपात आली. नायक जॉन कार्टर हा अमेरिकी यादवी युद्धात हरलेल्या बाजूचा घोडदळातला कप्तान. अॅरिझोनात अपाची लोक पाठीवर असताना तो एका गुहेत शिरतो आणि मंगळावर पोचतो. तिथे लाल वर्णाची राजकन्या डेजा थोरिस त्याच्या प्रेमात पडते. मंगळ नवा असला तरी साचा जुना आहे. परक्या मुलखात गेलेला बाहेरचा माणूस आणि त्या मुलखातली सुंदर मुलगी. आमच्या जंगलपट्टीवर बाहेरच्यांनी लिहिलेलं ज्यांनी वाचलंय त्यांना हा साचा लगेच ओळखू येईल. त्यात 'रानातली मुलगी' नेहमी लेखकाकडेच बघत असते.

'स्पेस ऑपेरा' हा शब्द १९४१ सालचा, विल्सन टकर या अमेरिकी लेखकाने हिणवण्यासाठी वापरलेला. पुढे लोकांनी तो कौतुकाने स्वीकारला. या प्रकाराचा चित्रकथेतला मोठा पूर्वज म्हणजे ७ जानेवारी १९३४ ला सुरू झालेला अॅलेक्स रेमंडचा 'फ्लॅश गॉर्डन'. मोंगो ग्रहाचा क्रूर सम्राट मिंग, आणि त्याची मुलगी ऑरा, जी पृथ्वीवरच्या फ्लॅशच्या प्रेमात पडून बापाविरुद्ध जाते. फ्लॅश काही तिला मिळत नाही, पुढे ती मोंगोवरच्याच राजपुत्र बॅरिनशी लग्न करते.

हा फ्लॅश गॉर्डन आपल्याकडेही आला होता. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली, ती १९९० पर्यंत निघाली. मराठी आवृत्तीही होती. वेताळ आणि मँड्रेक यांच्यासोबत फ्लॅशही इंद्रजालचा नायक होता. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर लोकांनी ही पुस्तकं घेतली, वाचली, बाइंड करून ठेवली. 'मांगा वाचणारी ही नवी पिढी' असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं. परग्रहावरच्या राजकन्या मराठी घरांत आमच्या जन्माआधीच येऊन गेल्या होत्या. फक्त त्यांना कोणी साहित्य म्हटलं नाही.

खेचर

आता थोडं माझ्या मूळ विषयाकडे, कारण प्रत्येक सेमिनारमध्ये हा प्रश्न येतो. असं लग्न जीवशास्त्राने शक्य आहे का?

नाही. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रं, गाढवाच्या पेशीत ६२. दोघांचं पिल्लू म्हणजे खेचर, त्याच्याकडे ६३. ही विषम जोडी जुळत नसल्यामुळे खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत. इतक्या जवळच्या नातेवाइकांत ही अडचण, तर दुसऱ्या ग्रहावर स्वतंत्रपणे उपजलेल्या जीवाचं काय सांगावं? त्याच्याकडे डीएनए असेलच याची खात्री नाही. आपल्या दारातल्या मोहाच्या झाडाची आणि आपली जनुकीय भाषा एकच आहे, कारण खूप मागे गेलं तर पूर्वज एक आहे. म्हणजे हिशेबाने बघितलं तर परग्रहावरच्या कोणाहीपेक्षा मोहाचं झाड माणसाला जवळचं आहे. गंमत म्हणजे संस्कृतात 'खेचर' म्हणजे आकाशात फिरणारा. गंधर्व-विद्याधर अशांसाठीचा शब्द. मराठीत आकाशातला पाहुणा आणि संकरातून झालेलं जनावर, दोन्ही एकाच अक्षरांत लिहिले जातात.

मांगाचे जनक मानले जाणारे ओसामू तेझुका डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेले होते, त्यांना हे माहीत असणारच. त्यांच्या १९४८ च्या 'लॉस्ट वर्ल्ड'मध्ये एक शास्त्रज्ञ वनस्पतींपासून दोन मुली तयार करतो. अवकाशप्रवासात एकीला एक माणूस भुकेपोटी खाऊन टाकतो. प्राणी आणि वनस्पती यांच्या नात्यावर याहून रोखठोक भाष्य मी वाचलेलं नाही. दुसरी, आयामे, आणि तरुण शास्त्रज्ञ शिकिशिमा परक्या ग्रहावरच राहून जातात. १९६७ मध्ये सुरू झालेल्या 'फिनिक्स'च्या भविष्यखंडात तामामी आहे. ती मूपी जातीची, कोणताही आकार घेऊ शकणारी परग्रहवासी. मासातोवर प्रेम म्हणून ती माणसाच्या मुलीच्या रूपात राहते. सरकार सगळ्या मूपींना मारायचा हुकूम काढतं. मासातो तो मोडून तिला घेऊन पळतो. इथे घर दोघंही सोडतात, पण रूप बदलते ती.

दुसरी अडचण अंतराची. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर-१ च्या वेगाने तेवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. प्रकाशाच्या जवळपास वेगाने गेलं तर प्रवाशाचं घड्याळ हळू चालतं आणि घरच्यांचं नेहमीसारखं. या परिणामाला जपानीत 'उराशिमा परिणाम' असं सुटसुटीत नाव आहे. उराशिमा तारो हा लोककथेतला कोळी समुद्राखालच्या महालात थोडे दिवस राहून येतो, तर गावात शेकडो वर्षं लोटलेली असतात. आपण याला 'रेवती परिणाम' म्हणू शकलो असतो. राजा ककुद्मी मुलीला, रेवतीला, घेऊन ब्रह्मलोकी वर विचारायला जातो. गाणं संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर युगं उलटतात. ब्रह्मदेव म्हणतो, मनात योजलेले सगळे गेले, आता बलरामाला दे.

या कथेचा शेवट विष्णुपुराणात आहे. रेवती जुन्या युगातली, त्यामुळे फार उंच. बलराम नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून नव्या युगाच्या मापाची करतो. मग लग्न होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

सिडोनियातलं घर

आईला दाखवलेलं पान त्सुतोमू निहेई यांच्या 'नाइट्स ऑफ सिडोनिया'मधलं. २००९ ते २०१५, १५ खंड. गाउना नावाच्या जीवांनी सूर्यमाला उद्ध्वस्त केल्यावर उरलेली माणसं सिडोनिया या यानात फिरतायत. अन्न वाचवायला त्यांनी स्वतःत प्रकाशसंश्लेषण आणलंय, म्हणजे तेझुकाची वनस्पतीकन्या इथे सगळा समाज झालीय. नायक नागाते मात्र जुन्या पद्धतीचा, त्याला रोज भूक लागते. त्सुमुगी ही माणूस आणि गाउना यांच्या संकरातून प्रयोगशाळेत घडवलेली, युद्धासाठी. तिचं बोलणं एखाद्या लाजऱ्या मुलीसारखं आहे. तिला नागातेच्या घरी यायचं असतं, म्हणून पाइपाची सोय होते. शेवटाकडे तिला माणसाच्या मापाचं शरीर मिळतं आणि संसार सुरू होतो.

अनेक वाचकांना हा शेवट गोड वाटतो. मलाही वाटला, आणि लगेच बलरामाचा नांगर आठवला. पण या मांगाचं वेगळेपण मला शेवटात नाही, पाइपात दिसतं. तोवरच्या पानांत ती आहे त्या आकाराची राहते आणि बदल भिंतीत केला जातो. उर्वशीच्या अटीनंतर इतक्या काळाने कोणीतरी पुन्हा घराला विचारलं, तू किती बदलशील?

मराठीत हा प्रश्न विज्ञानकथेने फारसा विचारला नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवून पहिलं बक्षीस मिळवलं, हे अनेकांना माहीत आहे. १९७९ साली त्यांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला, १९८३ मध्ये 'प्रेषित' ही कादंबरी. 'प्रेषित'मधला परग्रहवासी पृथ्वीवर येतो तो तान्हं मूल म्हणून, आणि माणसांत वाढतो. त्या पिढीला विज्ञान समजावून सांगायचं होतं आणि ते काम तिने मनापासून केलं. पण माझ्या वाचनात परका तिथे दाता म्हणून येतो, दूत म्हणून येतो, फार तर लेकरू म्हणून. सोयरा म्हणून क्वचितच येतो. मूल दत्तक घेणं सोपं असतं, ते आपल्या मापाने वाढतं. सोयरीक अवघड, कारण समोरचा पूर्ण वाढलेला असतो.

हे फक्त प्रबंधापुरतं असतं तर बरं झालं असतं. यंदा दिवाळीत घरात दोन स्थळांची चर्चा होती, एक नागपूरचं, एक बंगळूरचं. दोन्हीकडून पहिला प्रश्न एकच आला, "मुलगी शिफ्ट होईल ना?" मुलं बरी होती, वाईट वागलं कोणी नाही. मी फक्त विचारलं, पीएच.डी.ची दोन वर्षं उरलीत, तर तुम्ही पुण्याला येऊ शकाल का? एका फोनवर बराच वेळ शांतता होती. दुसरा म्हणाला, असा विचारच केला नव्हता. प्रामाणिक उत्तर होतं ते. पुरूरव्याने तो विचार केला होता, पण ती गोष्ट आपण मुलांना सांगायची सोडून दिली.

माझ्या मांडणीत कच्चे दुवे आहेत, ते सांगून टाकते. उर्वशी ते त्सुमुगी ही सरळ वंशावळ नाही. ताकाहाशी किंवा निहेई यांनी शतपथ ब्राह्मण वाचलं असं मी म्हणत नाही. हंसकन्येची कथा अनेक ठिकाणी आहे आणि ती कुठून कुठे गेली हा वेगळा, फार मोठा विषय. मी एवढंच तपासतेय की एकच पेच वेगवेगळ्या काळांत कोणाच्या पदरात टाकला गेला.

पुढच्या प्रकरणासाठी मला तुमची मदत हवीय. कोणाच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत मराठी इंद्रजालचे जुने अंक असतील, विशेषतः फ्लॅश गॉर्डनचे, तर कळवा. अंक पाठवू नका, पानांचे फोटो चालतील. आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांनो, तुमच्या आजीने आसरांची गोष्ट कशी सांगितली होती तेही लिहा. आसरा माणसाला घेऊन जातात, की माणसाकडे राहायला येतात? मला दोन्ही प्रकार हवेत.

परत निघताना स्टँडवर शेजारच्या काकू भेटल्या. त्यांनी आईला विचारलं, पोरगी कशात डॉक्टर होऊन रायली? आईने यावेळी सायन्स म्हटलं नाही. म्हणाली, "लग्नात कोनाले किती वाकावं लागते, त्याचा हिशेब करून रायली."